गोड शब्दांची पारख

सिल्वासाला लागून असलेल्या सामरवरणीत वारली बोली, गुजराती, मराठी आणि कारखान्यांमुळे आलेली हिंदी अशा अनेक भाषा कानी पडतात. तेथील एखाद्या होतकरू वारली चित्रकाराची कल्पना करावी. त्याच्या चित्रांची छायाचित्रे मोबाइलवरून दूरवर जातात आणि एके दिवशी अनोळखी क्रमांकावरून निरोप येतो : ‘आपली कला अप्रतिम आहे. असे काम क्वचितच पाहावयास मिळते. आम्हांस पंचवीस चित्रे हवी आहेत. नोंदणीसाठी खालील दुवा उघडून आजच तपशील भरावा.’ घरात बहिणीचे लग्न ठरलेले, पैशांची निकड, आणि अशा वेळी दारी चालून आलेले हे कौतुक! ते खरे की खोटे, हे त्या तरुणाने ओळखावे कसे?

पहिली कसोटी अगदी साधी आहे. निरोपातील ‘कला’ हा शब्द काढून तेथे ‘चटणी’ हा शब्द घालून पाहावा. वाक्य जराही अडखळत नसेल, तर लिहिणाराने चित्र पाहिलेलेच नाही असे समजावे. खरा रसिक तपशिलात शिरतो. तारपा वाजविणाऱ्याभोवतीचा फेर, पालघाट देवीचा चौक, गेरूच्या भिंतीवरची तांदळाच्या पिठीची रेघ, यांपैकी कशावर तरी त्याची नजर खिळलेली असते आणि त्याविषयी तो काही विचारतो.

परंतु आता एवढ्याने भागत नाही. पूर्वी असे निरोप मोडक्यातोडक्या मराठीत येत आणि भाषाच चोर पकडून देई. आज यंत्रे निर्दोष मराठी लिहितात, चित्र पाहून त्यातील तारप्याचाही उल्लेख करतात. शुद्धलेखन हा सचोटीचा पुरावा राहिलेला नाही. म्हणून दुसरी कसोटी लावावी : स्तुती संपल्यावर मागणी कशाची होते? विकत घेणाराने पैसे द्यावयाचे असतात. तो जर नोंदणीशुल्क मागू लागला, तर व्यवहार उलटा झाला. यूपीआयने पैसे स्वीकारण्यास गुप्त पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन लागतो तो पैसे देण्यास. रक्कम पाठविल्याचे चित्र दाखविले, तरी ती आपल्या खात्यात उतरली की नाही हे स्वतः पाहावे.

तिसरी कसोटी घाईची. 2022 साली ‘आज रात्री साडेनऊ वाजता आपली वीज तोडण्यात येईल’ असे खोटे निरोप देशभर फिरले आणि भ्यालेल्या अनेकांनी दिलेल्या क्रमांकावर फोन करून पैसे गमावले. तेथे भीती होती, येथे स्तुती आहे. पण दोहोंचे काम एकच, माणसाला विचार करू न देणे.

मजकुराची फसगत महाराष्ट्राला नवी नाही. 1773 साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’चा ‘मा’ करण्यात आला, असे परंपरा सांगते. एका अक्षराने केवढा अनर्थ! म्हणूनच जुन्या राज्यकारभारात पत्राच्या शिरोभागी मुद्रा आणि अखेरीस मोर्तब उमटवीत. ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब पडले की त्यापुढे कोणी अक्षरही वाढवू नये, असा त्याचा अर्थ. शब्द कितीही गोड असोत, विश्वास ठेवावयाचा तो खुणेवर.

आजच्या निरोपांनाही अशी खूण आहे. 2025 पासून संस्थांकडून येणाऱ्या एसएमएसमध्ये पाठविणाराच्या नावाअखेर एक इंग्रजी अक्षर असते : जाहिरातीला ‘पी’, सेवेला ‘एस’, व्यवहाराला ‘टी’, सरकारी निरोपाला ‘जी’. बँकांनी आपल्या संकेतस्थळांचे पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाचे करावेत, असे रिझर्व्ह बँकेने ठरविले आणि त्यासाठी 31 ऑक्टोबर 2025 ही मुदत दिली. साध्या दहा अंकी क्रमांकावरून कोणी बँकेचे नाव सांगू लागला, तर मोर्तबाविना आलेले ते पत्र समजावे. संशयास्पद निरोप ‘संचार साथी’वरील ‘चक्षु’ या सोयीने कळविता येतो. पैसे गेलेच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ 1930 हा क्रमांक फिरवावा. जितकी त्वरा, तितकी रक्कम वाटेत अडविली जाण्याची आशा अधिक.

याचा अर्थ प्रत्येक कौतुकाकडे संशयाने पाहावे, असा नव्हे. असे झाले तर खरा ग्राहकही दारातून परत जाईल आणि उगवता कलावंत कोमेजेल. त्या तरुणाने दुवा न उघडता एवढेच उत्तर पाठवावे : ‘कोणते चित्र आवडले आणि त्यात काय आवडले? आगाऊ रक्कम मिळाल्यावर काम सुरू करीन.’ मग तो निरोप घरातील वडीलधाऱ्यांना दाखवावा आणि रात्रभर थांबावे. फसविणारा या थांबण्याने चिडेल, धमकावील किंवा नाहीसा होईल. खरा ग्राहक मात्र दुसऱ्या दिवशीही तेथेच असेल, आणि चित्राविषयी दोन शब्द आनंदाने लिहील.