विल्यम क्लार्कचे पगारपत्रक



आमची एक खोड आहे. कोणी मोठ्या पराक्रमाची गोष्ट सांगू लागला, की आम्ही आधी तिचे पगारपत्रक मागतो. आज विल्यम क्लार्कचे मागणार आहोत.

१८०३ साली अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियानाचा अफाट मुलूख विकत घेतला. तेथे पिढ्यानुपिढ्या राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही, हे जाता जाता सांगतो. मिसुरी नदीने वर जाऊन पॅसिफिक गाठण्याची कामगिरी अध्यक्ष जेफर्सनने मेरिवेदर लुईसला दिली. लुईसने आपला जुना लष्करी सोबती क्लार्क याला बरोबरीच्या नात्याने बोलावले. खात्याने हुद्दा दिला लेफ्टनंटचा! दोघांनी ती गोष्ट शिपायांना कळूच दिली नाही. १४ मे १८०४ ला निघालेली मंडळी २३ सप्टेंबर १८०६ ला सेंट लुईसला परतली. वाटेत त्यांतला एकच माणूस, सार्जंट फ्लॉइड, आजाराने गेला. नकाशे बहुतेक क्लार्कच्या हातचे. माणूस कर्तबगार, यात शंका नाही.

साध्या शिपायाला महिना ५ डॉलर होते. परतल्यावर काँग्रेसने दुप्पट पगार आणि ३२० एकर जमीन दिली. दोघा नायकांना १६०० एकर प्रत्येकी. त्या यादीत यॉर्क नाही. यॉर्क हा क्लार्कचा गुलाम. फ्लॉइडच्या आजारात सर्वांत जास्त सेवा त्याने केली. २४ नोव्हेंबर १८०५ ला, कोलंबियाच्या मुखाशी, हिवाळा कोठे काढावा हे प्रत्येकाला विचारले गेले. क्लार्कने यॉर्कचे मत नावानिशी लिहून ठेवले. शोशोनी जमातीच्या साकागावियाचेही लिहिले: खाण्याजोगी कंदमुळे भरपूर मिळतील तेथे राहावे. आम्हांला हे मत सर्वांत व्यवहारी वाटते.

पुढे काय झाले? यॉर्कची बायको लुईव्हिलकडे. तिच्याजवळ राहू द्या, मोलमजुरी करून पैसे धाडतो, एवढेच त्याचे मागणे. क्लार्कने १८०८ साली भावाला कळवले, की तो पळू लागला किंवा काम नाकारू लागला तर न्यू ऑर्लिन्सला विकावा, नाहीतर कडक मालकाकडे भाड्याने द्यावा. पुढच्या वर्षी आपण त्याला चोपल्याचेही त्याने लिहिले. ही पत्रे १९८८ साली उजेडात आली. आपण त्याला मुक्त केले, असे क्लार्क १८३२ साली सांगत होता. तोवर मोहिमेला पाव शतक लोटले होते.

२००१ साली अध्यक्ष क्लिंटन यांनी क्लार्कला मरणोत्तर कॅप्टन केले आणि यॉर्कला मानद सार्जंट.