विंचवाचा दंश आणि हृत्स्नायूंचा दाह

दर्यापूर तालुक्यांत कपाशीचा हंगाम सरला म्हणजे पऱ्हाट्यांचे भारे घराशेजारीं रचले जातात. जळणाची ती सोय. पण विंचवासही तेथें आयताच आसरा मिळतो. भारा ओढतांना कोणास दंश झाला, कीं सारें घर एकच विचारतें, "किती चढला?" कळ कोपरापर्यंत आली कीं खांद्यापर्यंत, यावरून धोका मोजला जातो. श्रोतेहो, हें माप खोटें आहे.

मोठा काळा विंचू दिसावयास भयंकर; खरा घातक तो लहानसा तांबडा. त्याच्या विषानें मज्जातंतू खवळतात, अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा रक्तांत पूर लोटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि त्या अरुंद वाटेंतून रक्त ढकलतां ढकलतां हृदयाचे स्नायू दुखावतात. पूर्वींचे डॉक्टर यास हृत्स्नायुदाहच म्हणत. घटसर्पांतही हे स्नायू दाहानें बिघडतात, पण तें बहुधा एकदोन आठवड्यांनीं. येथें सारा खेळ कांहीं तासांचा.

अंग घामानें भिजतें, ओकाऱ्या होतात, हातपाय गार पडतात, नाडी धांवते. पुरुषाचें जननेंद्रिय ताठरतें. घरचे तें सांगावयास लाजतात आणि डॉक्टरांस मोलाची खूण कळत नाहीं. रक्तदाब प्रथम चढतो, मागाहून घसरतो. खोकला, धाप आणि गुलाबी फेस आला, म्हणजे फुप्फुसांत पाणी उतरलें. कळ मात्र अशा वेळीं फारशी नसेलही! मूल गारठून निपचित पडतें आणि घरचे विष उतरलें म्हणून मांत्रिकापुढें नारळ ठेवतात.

कोंकणांत महाडजवळच्या बिरवाडीस सरकारी नोकरींत असतांना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं असे रोगी बारकाईनें पाहिले आणि या पूर्वखुणा १९८२ सालीं 'लॅन्सेट' या विलायती पत्रांत मांडल्या. पुढें त्यांनीं रक्तवाहिन्या सैल करणारें प्राझोसिन वापरलें. गंभीर रोग्यांपैकीं पूर्वीं शेंकडा ३० च्या आसपास दगावत. तें प्रमाण ३ च्या खालीं आलें. प्राझोसिनच्या जोडीस प्रतिविष दिल्यास रोगी लवकर सावरतो, हेंही त्यांनीं २०११ सालीं दाखविलें. सरकारनें २०२२ सालीं त्यांस पद्मश्री दिली.

रुग्णालयांत हृदयाचा विद्युत्-आलेख काढतात, रक्तांतील ट्रोपोनिन मोजतात, ध्वनिलहरींनीं हृदयाचें आकुंचन पाहतात. परंतु गार हात आणि घामानें ओलें कपाळ ओळखण्यास यंत्र लागत नाहीं. तेवढ्यावरच घरांतून निघावें. औषध लागू पडून हातपाय ऊब धरूं लागले, कीं हृदयावरचें ओझें उतरूं लागलें असें डॉक्टर समजतात. वेळेवर पोंचलेल्या बहुतेकांचें हृदय थोड्याच दिवसांत पूर्ववत् चालूं लागतें.