चित्राची निर्यात



सांताक्रूझ हे नाव आपल्या कानांवर पडते ते बहुधा पावसाच्या बातम्यांतून. कुलाब्यास इतका पाऊस, सांताक्रूझला तितका, असे सांगतात ना, ती हवामान खात्याची वेधशाळा येथली. २६ जुलै २००५ या दिवशी जो पाऊस कोसळला, त्याची चोवीस तासांची नोंद या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर झाली. त्याच वेळी कुलाब्याला पंचाहत्तरसुद्धा भरला नाही! उपनगरांतल्या तळमजल्यांवर पाणी चढले, आणि कपाटांच्या खालच्या कप्प्यांतले कागद भिजून त्यांचा लगदा झाला. खालच्याच कप्प्यांत का? कारण जुनी दप्तरे आपण नेहमी खालीच ठेवतो.

खेड्यातल्या शाळेचे जनरल रजिस्टर घ्या. मुलाची जन्मतारीख त्यात, जात त्यात, शाळा सोडल्याचा दाखला त्याच्यावरून. नातवाला दाखला हवा असला तर आजोबांचे पान शोधावे लागते. आता पुष्कळ शाळांतून आणि कचेऱ्यांतून अशा पानांची छायाचित्रे घेऊन ती संगणकात ठेवतात. काम चांगलेच आहे. पण छायाचित्र घेतले म्हणजे ते राहिले असे नाही. ते फाइलमध्ये उतरावे लागते, आणि ते उतरवणारा कारकून आपल्याला दिसत नाही. आज मला बोलायचे आहे ते त्याच्याविषयी.

हा कारकून म्हणजे आज्ञांचा एक छोटा गट. त्याला फंक्शन म्हणतात. तो पुष्कळदा सी नावाच्या भाषेत लिहिलेला असतो. ही भाषा १९७२ च्या सुमारास अमेरिकेत, बेल प्रयोगशाळेत, डेनिस रिची यांनी घडवली, आणि पन्नास वर्षांनंतरही तिचे राज्य चालूच आहे. अशी उपयोगी फंक्शने एकत्र बांधून ठेवली की त्या गाठोड्याला लायब्ररी म्हणायचे. पुस्तक तिच्यात एकही नाही, पण नाव लायब्ररीचे! चित्रांच्या लायब्ररीत दोन तऱ्हेची फंक्शने असतात, फाइल वाचणारी आणि फाइल लिहिणारी. लिहिणाऱ्यांना आपण निर्यातीची फंक्शने म्हणू.

निर्यात हा शब्द मी मुद्दाम घेतला. १९७३ साली 'सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र' सुरू झाले. लोक त्याला सीप्झ म्हणतात. नाव सांताक्रूझचे आणि फाटक अंधेरी पूर्वेला, पण ते असो. कुंपणाच्या आत माल तयार करायचा आणि परदेशी पाठवायचा, ही तिथली रीत. पुढे त्याच कुंपणातून संगणकाच्या आज्ञावल्यासुद्धा परदेशी जाऊ लागल्या. आता निर्यातीच्या खोक्यावर आत काय आहे, किती नग आहेत, हे लिहिलेले बीजक लागते. पलीकडचा माणूस आपल्याला भेटणार नसतो, आपली भाषाही त्याला येत नसते. त्याला खोके आणि बीजक यांवरूनच सारे कळावे लागते. चित्राच्या फाइलचे अगदी असेच आहे. फरक एकच, आणि तो मोठा. बंदरावर खोके उघडून पाहणारा कोणी तरी असतो. फाइल मात्र कोणी उघडीत नाही. ती दहा वर्षांनी उघडली जाते, आणि तोवर मूळ पान गेलेले असते. वाचणाऱ्या फंक्शनमध्ये दोष असला तर तो आज दिसतो, उद्या दुरुस्त होतो, फाइल तशीच्या तशी शिल्लक राहते. लिहिणाऱ्याचा दोष फाइलच्या आत जाऊन बसतो, म्हणून माझ्या मते लिहिणाऱ्या फंक्शनला दुप्पट कडक नियम हवेत.

चित्र म्हणजे काय, ते आधी पाहू. आपल्या अंगणातली ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणा. ठिपक्यांच्या ओळीच ओळी. संगणकाचे चित्र असेच असते, फक्त ठिपके लाखांनी. प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे: तांबडा किती, हिरवा किती, निळा किती, प्रत्येक आकडा ० ते २५५ यांमधला. असा एक आकडा ज्या घरात मावतो ते घर म्हणजे बाइट. आता सगळे ठिपके एका लांब माळेत ओवून दुसऱ्याच्या हाती दिले, तर त्याला पहिला प्रश्न पडेल, की एका ओळीत किती? हे बीजकात आधी लिहावे लागते. बीजक चुकले तर ठिपके सगळे जागेवर असूनही रांगोळी तिरकी होते.

बीजक बरोबर असूनही कधी कधी ती तिरकी होते. बीएमपी नावाच्या जुन्या प्रकारात दंडक असा, की प्रत्येक ओळीच्या बाइटांची संख्या चाराच्या पाढ्यात बसली पाहिजे. पाच ठिपक्यांची ओळ असेल तर पाच त्रिक पंधरा. म्हणून एक रिकामा बाइट जोडून सोळा करावयाचे. लिहिणारा हे विसरला, की प्रत्येक ओळ थोडी थोडी सरकत जाते. गंमत म्हणजे आठशे ठिपक्यांच्या चित्रात हा दोष दिसतच नाही, कारण चोवीसशेला चाराने भाग जातो! शिवाय या प्रकारात सामान्यतः खालची ओळ आधी लिहितात. ते ठाऊक नसेल तर चित्र शीर्षासन करते.

याहून नाजूक बाब आकड्यांच्या क्रमाची. आपण मराठीत पंचवीस म्हणतो, म्हणजे पाच आधी, वीस मागून. इंग्रजीत वीस आधी आणि पाच मागून. दोघांनाही आकडा एकच कळतो, कारण रीत ठाऊक आहे. संगणकांतही असे दोन पंथ आहेत. आठशे म्हणजे तीन वेळा दोनशे छप्पन आणि वर बत्तीस. एक पंथ चार बाइटांत ३२, ३, ०, ० असे लिहील. दुसरा ०, ०, ३, ३२ असे. दुसऱ्याचे लिहिलेले पहिल्याने आपल्या रीतीने वाचले, तर आठशेचे होतात त्रेपन्न कोटी सत्तर लाख सदुसष्ट हजार पाचशे वीस. बीएमपीने पहिली रीत धरली, पीएनजीने दुसरी. तेव्हा ज्या प्रकाराची जी रीत, त्या रीतीने एकेक बाइट स्वतः वेगळा करून लिहावा, हेच बरे. नवशिक्यांना मोह होतो तो असा, की संगणकाच्या स्मृतीत बीजकाचा जो साचा आहे तो उचलून तसाच फाइलमध्ये टाकावा. पण यंत्राच्या सोयीसाठी साच्यात मध्ये रिकामी घरे पडतात. बीएमपीचे पहिले बीजक चौदा बाइटांचे. साधारण यंत्रावर त्याचा साचा सोळांचा होतो. संपलेच!

पीएनजी हा प्रकार १९९६ मध्ये ठरला. त्याची लायब्ररी सी भाषेतच आहे. त्याच्या फाइलचे पहिले आठ बाइट नेहमी हेच असतात: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. मधले तीन म्हणजे पी, एन, जी ही अक्षरे. बाकीचे मात्र चोर पकडण्यासाठी पेरलेले आहेत. काही जुन्या वाटा बाइटाचा वरचा अंश कापून टाकीत; १३७ चा आकडा बदललेला दिसला, की ते उमगते. १३ आणि १० ही जोडी आणि शेवटचा एकटा १० यांचे काम निराळे आहे. विंडोज यंत्रावर फाइल साध्या मजकुराची म्हणून उघडली, तर लिहिताना जिथे जिथे १० येईल तिथे त्याच्या आधी आपसूक १३ घुसतो. पत्रात ते चालते, चित्राचा मात्र चुथडा होतो. म्हणून सी भाषेत फाइल उघडताना 'डब्ल्यू' च्या पुढे 'बी' हे एक अक्षर लिहावयाचे. लिनक्सवर ते न लिहिताही भागते, म्हणून तिथे शिकलेले लोक ते विसरतात.

आता मुख्य गोष्ट, पोचपावतीची. सी भाषेत लिहिण्याचे काम एफ-राइट करते, आणि किती नग लिहिले ते परत सांगते. आपण पूर्वी रजिस्टर टपाल पाठवीत असू तेव्हा पोच आली की नाही पाहत असू. पण हा परत आलेला आकडा पुष्कळ जण पाहतच नाहीत. डिस्क भरली असेल तर आकडा कमी येतो. आणि बरं का, आकडा पुरा आला तरी खात्री नाही! एफ-राइट माल आधी एका पेटीत ठेवते. पत्र पेटीत पडले, गाडीत चढले असे नव्हे. पेटी रिकामी होते ती शेवटी, एफ-क्लोज म्हणताना. जागा संपल्याची बातमी पुष्कळदा त्याच क्षणी येते. म्हणून एफ-क्लोजचेही उत्तर तपासावे. लिनक्सवर यासाठी एक खोटी फाइल ठेवलेली असते. तिच्यात लिहू गेले की 'जागा संपली' एवढेच उत्तर मिळते. लहान चित्र तिच्यात लिहून पाहा. एफ-राइट खुशाल सांगेल की सगळे लिहिले, आणि एफ-क्लोज म्हणेल, काही नाही.

मग अपयश आले तर लायब्ररीने काय करावे? पडद्यावर मजकूर छापू नये, सारा कार्यक्रमही बंद पाडू नये. ज्याने बोलावले त्याला नीट सांगावे, की जमले नाही, आणि का जमले नाही. जुन्या फाइलवर थेट नवी लिहू नये. शेजारी तात्पुरत्या नावाने पुरी लिहावी, बंद करावी, आणि मगच तिला खरे नाव द्यावे. जुन्या रजिस्टराची नक्कल आपण अशीच करतो. नक्कल पुरी होण्याआधी जुने कोणी फाडीत नाही.

एक हिशेब जाता जाता. गावनकाशा मोठा असतो. चाळीस हजार ठिपके रुंद आणि तितकाच उंच नकाशा घेतला, तर बाइट होतात चारशे ऐंशी कोटी. बत्तीस अंशांच्या घरात जेमतेम ४२९ कोटी मावतात. वरचे गळून पन्नास कोटी उरतात, आणि फंक्शन तेवढ्यावरच समाधान मानते. गुणाकार करण्याआधी घर पुरेल का ते पाहावे.

शिक्षक मंडळींनी हे वर्गात करून पाहावे. त्यासाठी पीपीएम हा प्रकार सर्वांत सोपा. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये पहिल्या ओळीवर इंग्रजी पी आणि लगेच त्याला चिकटून तीन, दुसऱ्या ओळीवर रुंदी आणि उंची म्हणून ३ ३, तिसऱ्यावर २५५. सारे अंक इंग्रजी. मग पहिल्या ओळीला तीन वेळा २५५ १५३ ५१, दुसरीला तीन वेळा २५५ २५५ २५५, तिसरीला तीन वेळा १९ १३६ ८. नावाच्या शेवटी टिंब आणि पीपीएम. जिम्पसारख्या मोफत कार्यक्रमात फाइल उघडून मोठी करून पाहिली, की तिरंग्याचे पट्टे दिसतील. नंतर मुलांना रुंदीचा आकडा ३ ऐवजी २ करायला सांगावा, आणि पट्ट्यांचे काय झाले ते पाहू द्यावे.

आणि शाळेच्या रजिस्टराची छायाचित्रे घेतली असतील, तर ती दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या कार्यक्रमात, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत एकदा उघडून पाहावीत. खालची अर्धी पाने करडी दिसली तर फाइल अपुरी लिहिली गेली, असे समजावे. मूळ रजिस्टर तोवर वरच्या कप्प्यात ठेवावे.