शिशाचा पट्टा

मैत्रिणींनो, 'नव्या शहरात स्वतःसाठी काय केलंस?' असं तुम्ही विचारलंत, म्हणून आज नेहमीच्या कामाऐवजी पाण्याखालचं सांगते.

स्कूबा मी तारकर्लीच्या समुद्रात शिकले. कमरेला शिशाची किती वजनं बांधायची, ते प्रशिक्षक ठरवायचे. मी कधी विचारलंच नाही. मग टोरांटोला गेलो. तिथले लोक बुड्या मारायला ह्युरॉन सरोवरावरच्या टोबरमोरीला जातात. गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलकं, त्यामुळे ते माणसाला कमी उचलून धरतं. सामानासकट माझं वजन ८० किलो, म्हणजे शिसं २ किलो कमी लागणार. पण गारठ्यासाठी ७ मिलिमीटरचा सूट घातला की तोच वर ढकलतो, शिसं पुन्हा वाढतं. हा हिशेब दुकानदाराने केला, तोही माझ्या नवऱ्याशी बोलून! तो बिचारा गुडघ्याच्या वर कधी पाण्यात गेलेला नाही.

पहिल्याच बुडीत मी धोंड्यासारखी तळाला गेले. गाळ उठला, काही दिसेना. खूप घाबरले.

दुसऱ्या दिवशी काठाजवळ स्वतःच तपासलं. सिलिंडर जवळजवळ रिकामा, जाकिटातली हवा काढलेली, श्वास रोखून उभं तरंगायचं. पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं. एकेक किलो काढत गेले. ३ किलो जास्त होते.

मग १८८५ साली बुडालेलं 'स्वीपस्टेक्स' जहाज पाहिलं, जेमतेम २० फुटांवर. गोड्या पाण्यात लाकूड पोखरणारे समुद्री जीव नसतात, म्हणून त्याचा सांगाडा टिकलाय. कुठेही हात न लावता त्यावरून तरंगत गेले.

पट्टा परत करताना दुकानदाराने पुन्हा नवऱ्यालाच विचारलं, ''किती वजन लागलं?'' आकडा मी सांगितला, आणि त्याच्या वहीत माझ्या नावापुढे लिहायला लावला.