मूल शब्द धरून चालते



आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत काढली. मुलांना आम्ही शिकवले, तसे मुलांनीही आम्हांला शिकवले. त्यातलीच एक गोष्ट आज सांगतो.

आपण मोठी माणसे बोलतो एक आणि मूल समजते भलतेच. असे का होते? मूल शब्दाचा सरळ अर्थ धरते.

एका घरी पूजा होती. आजी म्हणाली, "आता नारळ वाढवा." नातू ताट घेऊन धावत आला. म्हणाला, "आधी मला वाढा!" सगळे पोट धरून हसले. पण पोराचे काय चुकले? भात वाढतात, आमटी वाढतात, तसा नारळही वाढत असतील! शुभ कामात 'फोडणे' हा शब्द नको, म्हणून आपण 'वाढवणे' म्हणतो. बांगडी फुटली, तरी 'वाढवली' म्हणतो. हे त्या पोराला कुणी सांगितले होते?

दुसऱ्या एका घरून पाहुणे निघाले. "येतो बरं का," म्हणाले. झाले! घरातली चिमुरडी उंबऱ्यावरच बसली. जेवायला उठेना. "काका येतो म्हणाले ना!" निघताना 'जातो' म्हणू नये, ही आपली रीत. तिला ती कशी ठाऊक असणार?

रशियात कोर्नेइ चुकोव्स्की नावाचे एक लेखक होऊन गेले. ते १९६९ साली वारले. लहान मुलांचे असे बोल त्यांनी वर्षानुवर्षे टिपून ठेवले आणि त्यांचे पुस्तक केले. बोलायला शिकताना मूल केवढे डोके चालवते, हे त्यांनी दाखवले. म्हणजे हे सगळ्या मुलुखांत चालते. मूल वेडे नसते. ते विचार करत असते.

इथवर हसण्यासारखे झाले. पण कधी कधी असा शब्द मुलाला फार जड जातो.

एका मुलाची आजी वारली. घरच्यांनी त्याला सांगितले, "आजी झोपली. ती आता उठणार नाही." त्या रात्रीपासून पोर झोपेना. डोळे मिटले की दचकून उठे. आईने दृष्ट काढली, अंगारा लावला. गुण येईना. शेवटी गुरुजींनी त्याला जवळ घेऊन विचारले, "बाळ, झोपत का नाहीस?" पोर म्हणाले, "झोपलो, तर मीपण उठणार नाही."

पाहा, मंडळी! सांगणाऱ्याच्या मनात माया होती. पण पोराच्या मनात भीती बसली. मग आईने त्याला नीट सांगितले, "आजी खूप आजारी होती. ती वारली. मरणे निराळे, झोपणे निराळे. झोपलेला माणूस सकाळी उठतो. तूही उठशील." हळूहळू पोर झोपू लागले.

म्हणून मरण, दुखणे, दवाखाना यांविषयी मुलांशी सरळ शब्दांत बोला. "रडलास तर डॉक्टर सुई टोचतील," असा धाक घालू नका. असे मूल पुढे पोटात दुखले, तरी सांगत नाही. मूल काही भलते बोलले, तर चारचौघांत त्याला हसू नका. आधी विचारा, "तुला काय समजलं, सांग बरं."

आपण वर्गात नवा शब्द अडला, की गुरुजींना अर्थ विचारतो. त्यात कसली लाज? मुलाला तर सगळेच शब्द नवे असतात. त्यालाही विचारू द्या आणि खरा अर्थ सांगा.