सार्कॉइडोसिस आणि मूत्रपिंडे



सार्कॉइडोसिस हा मुख्यतः फुप्फुसांचा व लसीका ग्रंथींचा विकार म्हणून ओळखला जातो. मूत्रपिंडांना मात्र तो दोन वाटांनी इजा करतो, आणि त्यांतील एक वाट बडोद्यासारख्या शहरात सहज नजरेआड होते.

या विकारात शरीरात ज्या सूक्ष्म गाठी होतात, त्यांतील भक्षक पेशी ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप स्वतःच तयार करू लागतात. एरव्ही हे कार्य प्रामुख्याने मूत्रपिंडे करतात व गरज भागताच आवरते घेतात. गाठींना असा लगाम नसतो. परिणामी आतड्यातून कॅल्शियम अधिक शोषले जाते. रक्तात, आणि त्याहूनही अधिक रोग्यांच्या मूत्रात, त्याचे प्रमाण वाढते. मुतखडे होतात, मूत्रपिंडात क्षार साचतात. तहान फार लागते, लघवी वारंवार होते, मलावरोध व मळमळ जडते.

मे महिन्यात बडोद्याचा पारा ४० अंशांवर गेला असता तहानेची तक्रार कोण मनावर घेणार? वस्तुतः उन्हामुळे त्वचेत ड जीवनसत्त्व निर्माण होत असल्याने उन्हाळ्यात हा दोष बळावतो, व घामाने पाणी घटले की मूत्रपिंडांवर दुहेरी ताण येतो.

खरा घोटाळा होतो तो तपासणीच्या कागदावर. नेहमीच्या चाचणीत या जीवनसत्त्वाचे केवळ साठ्याचे रूप मोजतात. गाठींत ते खर्ची पडत असल्याने पुष्कळदा कमी भरते. मग थकव्यावर उपाय म्हणून ६०,००० एककांची पुडी, क्वचित ६ लाख एककांचे इंजेक्शन दिले जाते. हे आगीत तेल ओतणे होय. अशा रोग्यात प्रथम कॅल्शियम पाहावे, शक्य तेथे क्रियाशील रूपही मोजून घ्यावे.

दुसऱ्या प्रकारात गाठी मूत्रपिंडातच होतात. लघवीच्या तपासणीत तेव्हा विशेष काही आढळत नाही. क्रिएटिनीन तेवढे चढत जाते. निदान मूत्रपिंडाचा तुकडा तपासूनच होते. क्षयरोगातही गाठी असतात. त्या बहुधा मध्यभागी कुजलेल्या असतात, सार्कॉइडोसिसच्या सहसा नसतात. पण आपल्याकडे क्षयाचे प्रमाण पाहता एवढ्यावर विसंबणे धोक्याचे. सार्कॉइडोसिसवर प्रेडनिसोलोन गुणकारी असले, तरी तेच औषध लपलेला क्षय भडकवू शकते. म्हणून शंका येताच रोग्यास सर सयाजीराव रुग्णालयासारख्या, १९४९ साली स्थापन झालेल्या बडोदे वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न, मोठ्या रुग्णालयाकडे पाठवावे. आणि चिठ्ठीत ड जीवनसत्त्वाची कोणती मात्रा केव्हा दिली, हे अवश्य लिहावे.