बँकेच्या खिडकीवर
(मावळातील प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आज आपण बँकेच्या खिडकीबद्दल बोलू. कारकून बसतो आणि रोख पैसे देतो, ती खिडकी.

समजा, कार्ल्यापलीकडच्या वाडीतली एक आजी निराधार योजनेचे पैसे आणायला लोणावळ्याला निघाली. पंचाहत्तरी झालेल्यांना 2022 सालापासून एसटीत तिकीट नाही. पण फाट्यापर्यंतची पायपीट कोणाला चुकली? त्यातून इथला पाऊस! आजी भिजत बँकेत पोचते. रांगेत उभी राहते. खिडकीवरून उत्तर येते, "आजी, एवढ्याशा पैशाला इथे कशाला? बाहेर यंत्र आहे."

आजीला यंत्र येत नाही. ती शेजारच्या अनोळखी माणसाच्या हाती कार्ड देते. गुप्त आकडाही सांगते. माणूस भला असला तर ठीक. नसला तर तो हातचलाखीने कार्ड बदलतो, आणि संध्याकाळपर्यंत खाते रिकामे! असे कितीतरी ठिकाणी झाले आहे.

दुसरी सोय बँक मित्राची. तिथे आधारवर अंगठा लावून पैसे मिळतात. सोय चांगली आहे. पण जन्मभर भात लावून अन् भांडी घासून बोटांच्या रेषा झिजतात. मग यंत्र म्हणते, हा अंगठा तुमचा नव्हे! आता काय करावे माणसाने?

बँकेचे म्हणणे अगदीच खोटे नाही. माणसे थोडी, गर्दी फार. ज्याला यंत्र जमते त्याने ते जरूर वापरावे. पण ज्याला जमत नाही, त्याला दारातून परत पाठवणे बरे नव्हे. पैसा त्याचाच आहे ना?

हे मी एकटाच म्हणत नाही. सगळ्या बँकांवर देखरेख करणारी रिझर्व्ह बँक आहे. तिने 9 नोव्हेंबर 2017 रोजी बँकांना लेखी कळवले. काही बँका म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना शाखेतून परत लावतात, हे तिच्या कानावर आले होते. तिने सांगितले, यंत्रांचा प्रसार करा, पण या लोकांची अडचण जाणा. त्यांच्यासाठी वेगळी खिडकी ठेवा, नाहीतर त्यांना आधी घ्या. सत्तरीपुढच्या माणसाला, अपंगाला, अंधाला घरी रोख पोचवण्याची सोय करण्याचा प्रयत्न करा. घरपोच सोयीसाठी बँक काही आकार घेऊ शकते. तो आधी विचारून घ्यावा.

तेव्हा खिडकीवर गेलात की पैसे काढायची स्लिप मागा. रक्कम आकड्यात लिहा, अक्षरांतही लिहा. आता तुम्हाला लिहिता येते! इतके दिवस अंगठा लावत होतात आणि आता सही करायची असेल, तर बँकेला तसा अर्ज द्या. न कळवता एकदम सही केलीत, तर ती जुळायची नाही. पैसे खिडकीवरच मोजा. पासबुकात नोंद करून घ्या आणि ती स्वतः वाचा.

कोणी नाही म्हटले तर भांडू नका. शाखेच्या साहेबांना भेटा. तरी काम झाले नाही तर दोन ओळींचा अर्ज द्या. तारीख घाला, एका प्रतीवर पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला पैसे पडत नाहीत. चौकशीचा फोन 14448. हा आकडा पासबुकाच्या मागे लिहून ठेवा. कार्डाचा गुप्त आकडा मात्र तिथे चुकूनही लिहू नका.